खुर्चीच्या उंचीचा ओटा

आमच्या पत्र्याच्या खोल्यांत शेजारच्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत, भिंत सरळ आहे का ते बघायच्या दोरीच्या वजनावरून. कुठे काही तिरकं दिसलं की या माणसाला चैन पडत नसे. माझ्या इस्त्रीच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. तो त्याने न सांगता सरळ करून टाकला आणि वर मलाच ऐकवलं, "वहिनी, इतकी वर्षं वाकड्या टेबलावर सरळ कपडे कसे काढलेत?" मी म्हटलं, "भावजी, टेबलाचं राहू द्या, स्वतःच्या लग्नाचं बघा." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "आधी घर."

आधी घर, आधी घर करता करता केस पिकले, आणि मग विचारणारेही थकले. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. लहानपणच्या तापात ताईचे पाय गेले ते गेलेच. एरवी ती चाकाच्या खुर्चीत असे, पण खोलीत ओटा नव्हता, म्हणून स्वयंपाकाला तिला खाली जमिनीवर शेगडीपाशी बसावं लागे. भाऊ सकाळी उचलून तिला खाली ठेवी आणि कामावरून आला की पुन्हा खुर्चीत. मधला सगळा वेळ ती जमिनीवरच. मी दारातून डोकावले की म्हणायची, "या वहिनी, बसा. मी काही उठत नाही, राग मानू नका."

आमची जुनी घरं पडायला आली होती. नगरपालिकेने ती पाडली, आम्हाला तात्पुरतं म्हणून पत्र्याखाली हलवलं आणि त्याच जागी नवी इमारत उभारायला घेतली. त्या तात्पुरत्या खोल्यांत पोरं जन्मली, शाळेत गेली, काहींना मिसरूड फुटलं. पण खोटं कशाला बोला, काम चालू होतं. रखडत का होईना, मजले चढत होते. घरं थोडी आणि माणसं फार, म्हणून सोडत निघायची होती. तळमजला तेवढा सोडतीत नव्हता. ज्यांना जिना चढता येत नाही त्यांच्यासाठी तो राखून ठेवलेला होता, रुंद दारांचा. ताईचं घर पक्कं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

ओळंब्याला त्याच इमारतीवर काम मिळालं. एका संध्याकाळी तो हातात काठी घेऊन आला, ताईला खुर्चीत ताठ बसायला लावलं आणि जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंतचं माप काठीवर खिळ्याने ओरखडून घेतलं. ताई म्हणाली, "शिंप्याकडे गेल्यासारखं वाटतंय रे. काय शिवतोयस?" हा काठी घेऊन निघाला. पुढे कळलं की तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या घरात त्याने ओटा त्या मापाने घातला. नेहमीपेक्षा बराच बुटका, आणि खुर्ची आत सरकावी म्हणून खालून मोकळा. इंजिनिअरबाईंनी पाहिला. जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "असू दे. ज्यांच्यासाठी आहे त्यांना असाच लागेल." भल्या बाई. अशी माणसं नगरपालिकेत असतात, लोकांना सांगून पटत नाही.

त्यानंतर ताईला दुसरा विषय उरला नाही. खुर्चीत बसून ती हवेतच डबे मांडायची. इकडे मीठ, इकडे साखर, खिडकीपाशी पाण्याची घागर. मी चिडवायची, "ताई, हवेतली फोडणी करपली बघा." ती म्हणायची, "करपू दे. घरात गेले की पहिला चहा तुम्हाला. बसून नाही, ओट्याशी उभं राहून करतात तसा करीन. म्हणजे बसूनच, पण तसा." आणि स्वतःच हसत सुटायची.

त्याच सुमारास आमचे हे गेले. दुपारी जेवून उठले आणि छातीत कळ आली. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षात माझ्या मांडीवरच त्यांनी मान टाकली. वेळेवर आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना हे वाक्य म्हणायला काय लागतं? मला ते अजून जेवताना ऐकू येतं.

काही महिन्यांनी नगरपालिकेची माणसं खुर्च्या मांडून बसली आणि आम्हालाच विचारू लागली, इमारतीत राहण्याशिवाय आणखी कशाची गरज आहे. कुणी गाड्यांना जागा मागितली, कुणी बसायला बाकडी. मी मागे उभी होते. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तेवढ्यात पुढून ताईचा हात वर गेला. "दवाखाना द्या," ती म्हणाली. "आमच्या या वहिनींचा माणूस रिक्षात गेला. दुसऱ्या कुणाचा जाऊ नये." मग टाळ्या वाजल्या. ओळंब्यानेही वाजवल्या, मी पाहिलं.

मागितलं आणि मिळालं, असं आमच्या जन्मात पहिल्यांदाच झालं. दवाखाना मंजूर झाला. आणि दवाखान्याला जागा कुठली? तळमजल्याची. आजारी माणसाला जिने चढवणार का? बोलणं बरोबरच होतं. इंजिनिअरबाई स्वतः सांगायला आल्या, दारातच उभ्या राहिल्या. राखीव घरांची माणसं आता सोडतीत येतील आणि लिफ्ट पुढच्या टप्प्यात बसेल, असं म्हणाल्या. मान वर करत नव्हत्या.

त्या गेल्यावर पत्र्यापलीकडून ओळंब्याचा आवाज आला. एवढ्या वर्षांत तो ताईवर ओरडलेला मी ऐकला नव्हता. "तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? सगळं गाव बसलं होतं ना तिथं!" ताईचा आवाज अगदी शांत होता. "मागितलं ते चूक होतं का, तेवढं सांग." मी इस्त्री तशीच ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले. माझ्यासाठी ती बोलली होती. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

सोडतीत त्यांना चौथा मजला लागला. भावाने ताईला पाठीवर घेऊन वर नेलं. खुर्ची मागून मी आणि शेजारच्यांनी चढवली, पण ती स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना. वरच्या मजल्यांची दारं अरुंद. भिंत पाडली तर वरचा मजला खाली येईल, हे गवंड्याला कुणी सांगायला नको. आत खुर्चीच जात नाही म्हटल्यावर ओटा उंच काय आणि बुटका काय! ताई पुन्हा जमिनीवर शेगडीपाशी आली. फरक एवढाच की पूर्वी दारातून येणारा-जाणारा दिसे, आता आभाळ दिसायचं. लिफ्टच्या खड्ड्यावर फळ्या ठोकलेल्या होत्या. ओळंबा येता-जाता त्यांच्याकडे बघायचा नाही.

दवाखाना मात्र झकास चालला. माझं रक्तदाब बघणं तिथेच. कोपऱ्यातल्या खोलीत त्या बुटक्या ओट्यावर बाळांचं वजन करतात, आणि वाकून वाकून नर्सबाईंच्या पाठीचे हाल झाले. तक्रार गेली. ओटा उंच करायचा ठरलं, आणि ज्याने घातला त्यालाच निरोप आला. त्याने आज सिमेंट नाही, उद्या विटा नाहीत, असं करत ढकलत नेलं.

थंडीत ताईला खोकला लागला. छाती भरली तेव्हा भावाने तिला पाठीवर घेऊन खाली आणलं. मी ताईचा हात धरून जिना उतरत होते. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, दवाखान्याच्या चाकाच्या खुर्चीत जरा बसवा म्हणाले. ताईने विचारलं, "तो कुठे आहे?" तो म्हणजे ओटा, हे कुणाला सांगावं लागलं नाही. मीच खुर्ची कोपऱ्यातल्या खोलीत ढकलली.

चाकं ओट्याखाली अलगद आत गेली. तिची कोपरं वर अशी टेकली की वाटलं, ओटा नाही, तिच्याच अंगाचा भाग आहे. तिने पदराने ओटा पुसून काढला, काटा बाजूला सरकवला. "उंची बरोबर आहे रे," ती म्हणाली. ओळंबा दारातच थांबला होता. मग तिने डावीकडे हात नेला, उजवीकडे नेला, मीठ आणि साखर जागच्या जागी असल्यासारखी.

"वहिनी, चहा टाकू?"

नर्सबाई हसल्या, त्यांना वाटलं गंमत चाललीय. मी म्हटलं, "टाका की. साखर कमी." तिने हवेतलं भांडं चढवलं, ढवळलं, गाळलं आणि दोन्ही हातांनी कप माझ्यापुढे धरला. मी घेतला. पिऊनही टाकला.

"आता वाढव हा," ताई भावाला म्हणाली. "बाईंची पाठ दुखते."

दुपारी तो विटा आणि घमेलं घेऊन आला. जुना ओटा त्याने फोडला नाही, त्याच्यावरच थर चढवले. आता त्या ओट्याशी सगळ्यांना उभं राहता येतं.