सोलापूरला फुटबॉलची बाजू मांडताना

एस.टी. माळशिरसच्या स्टँडवरून हलली तेव्हा माझे भाषण मला तोंडपाठ होते. सोलापूरच्या एका कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती आणि विषय होता, "कलकत्त्याचा क्लब युरोपातल्या बलाढ्य क्लबला टक्कर देऊ शकेल." खरा सामना रविवारी दुपारी कलकत्त्याला, आणि आमचा वाद त्याच सकाळी सोलापुरात. आमच्या नव्या कॉलेजातून बाहेरगावी बोलायला निघालेला मी पहिलाच. आमच्या घरातही माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही. वाद घालायला एवढे लांब कशाला जायचे, हे वडिलांना शेवटपर्यंत कळले नाही. प्राचार्य मात्र स्पष्ट बोलले होते, "नाव राखलंस तर पुढच्या वर्षी पुन्हा कोणाला तरी पाठवू. हसं करून आलास तर हे सगळं बंद."

मी प्रतिकूल बाजू तयार केली होती. गोऱ्यांची उंची, त्यांचा आहार, त्यांची गवताची मैदाने, सगळे मुद्दे वर्तमानपत्रांतून जमवले होते. दुसरी बाजूही असू शकते, हे मनातच आले नाही. फुटबॉल तर मी कधी डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता.

मोहोळ मागे पडल्यावर काही वेळाने गिरण्यांची धुराडी दिसू लागली. स्टँडवर उतरलो तर सगळीकडे सायकलीच सायकली. घंटांच्या आवाजात मी दोनदा रस्ता ओलांडता ओलांडता मागे फिरलो. शेवटी एका बाईंच्या मागोमाग पळत पलीकडे गेलो.

कॉलेजात एका टेबलावर पितळी डबा ठेवला होता. प्रत्येकाने त्यातून चिठ्ठी उचलायची. माझ्या चिठ्ठीवर लिहिले होते, "अनुकूल."

"सर, बदलून मिळेल का?" मी टेबलामागच्या सरांना हळूच विचारले.

"अहो, बदलून मिळाली तर चिठ्ठी कशाला ठेवली असती?" सर हसले. माझ्या मागे उभा असलेला शहरातला एक विद्यार्थीही हसला. त्याला प्रतिकूल बाजू आली होती. इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणे असे की ऐकतच राहावे.

आमच्या गावचे बापूकाका अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतात. त्यांच्याकडे माझा मुक्काम होता. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "मग त्यात रडायचं काय? हितं मानसं काय कमी हायती? फिरू, इचारू की!" आणि मला सायकलवर डबलसीट घेऊन ते नव्या पेठेत आले.

नव्या पेठेत एवढी गर्दी की सायकल हातात धरून चालावे लागले. एका टोप्यांच्या दुकानापाशी काका थांबले. दुकानातले चाचा त्यांच्या ओळखीचे. काकांनी माझी अडचण सांगताच चाचांनी चहा मागवला आणि निकालही देऊन टाकला.

"क्या टक्कर देते मियाँ? उनो गोश्त-अंडे खा को आते. अपने बच्चे चटनी-भाकर पे खेलते. छे गोल खाते, लिख लो!"

"चाचा, पोराला टक्कर देतील म्हनूनच बोलायचं हाय," काका म्हणाले.

"तो झूट बोलना पडता उसकू."

"तुमी तर रोज मैदानावर जाता. आपली पोरं हरत्यात म्हनून बगायला जाता व्हय?"

 चाचांनी दुकान पोराच्या हवाली केले आणि चपला शोधू लागले. "चलो, आज भी मॅच है. हमारे मागवाले और वो बूटवाले. हारते सो देख लेना!"

मैदानावर एका कडेला झाड होते, त्याखाली आम्ही बसलो. एका संघाकडे बूट, मोजे, एकसारखे शर्ट. दुसरा संघ मागावर काम करणाऱ्या पोरांचा, आणि त्यातले बहुतेक अनवाणी. काकांच्या शेजारचा यादगिरी त्यात होता. पद्मशाली विणकराचा मुलगा, घरात तेलुगू बोलणारा, काठीसारखा बारीक. पहिल्या काही मिनिटांतच बूटवाल्यांनी असा काही हल्ला केला की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा चेंडू यादगिरीच्या पोटाला लागून बाहेर गेला होता आणि तो जमिनीवर पडून हसत होता.

त्यानंतर मी चहा विसरलो, भाषण विसरलो. बूटवाले येत होते आणि ही पोरे त्यांना अडवत होती. पायाने, छातीने, एकदा तर दोघे एकदमच आडवे झाले. चाचा उभे राहून ओरडत होते, "अरे मार उसकू! अंधा है क्या?" आणि मीही ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही.

शिट्टी वाजली आणि सगळे उठले. मी बसून राहिलो.

"चल की," काका म्हणाले.

"निकाल लागू द्या ना काका."

"लागला की. शून्य-शून्य."

आमच्या जत्रेत मोठी कुस्ती निकाली असते. पाठ लागल्याशिवाय पंच जोड सोडत नाहीत, मग अंधार पडो. मला वाटले, हे थोडा दम खाऊन पुन्हा येतील. मी तसे म्हणताच आजूबाजूची माणसे पोट धरून हसली. चाचांनी तर ते चार जणांना बोलावून सांगितले, "पैलवान गाँव का बच्चा, बोलता चीत करो!"

मला शरम वाटली. पण तेवढ्यात मी मैदानाकडे पाहिले. बूटवाले माना खाली घालून निघाले होते, आणि मागावरची पोरे यादगिरीला खांद्यावर घेऊन नाचत होती. एकही गोल न करता!

"रा तम्मी (ये धाकट्या)!" यादगिरीने मला हाक मारली. भज्यांचा कागद पुढे केला. मी विचारले, "तुम्ही जिंकला नाहीत, मग एवढा आनंद?"

"मागच्या वेळी पाच खाल्ले होते," तो भरल्या तोंडानेच म्हणाला. "आता ते आम्हाला भितात की."

त्या संध्याकाळी काकूंनी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही वाढले. चटणी इतकी चविष्ट की मी भाकरी किती झाल्या ते पाहिले नाही. जेवता जेवता मी माझे नवे भाषण काकांना म्हणून दाखवले.

सकाळी सभागृह भरलेले होते. इस्त्रीच्या शर्टाचा विद्यार्थी माझ्या आधी बोलला, आणि बोलला ते माझेच जुने मुद्दे. उंची, आहार, गवत. टाळ्या पडल्या. मग मी उभा राहिलो.

मी कालचा सामना सांगितला. समोरचा मोठा आहे हे मान्य केले. पण मोठ्याला घाम फोडणे, त्याला परतताना मान खाली घालायला लावणे, याला टक्कर नाही तर काय म्हणायचे? बोलता बोलता तोंडून निघून गेले, "त्यांना पाडता आलं न्हाय तरी चालंल, पण हलू द्यायचं न्हाय!" सभागृहात हशा उसळला. जीभ चावावीशी वाटली.

मग त्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, "आपण आजवर फुटबॉलचे किती सामने पाहिलेत?"

"एक," मी म्हणालो. "काल संध्याकाळी. तो संपला हेसुद्धा मला कळलं नव्हतं."

पुन्हा हशा, पण या वेळी वेगळा. मागच्या रांगेतून जोरात टाळ्या आल्या. बक्षीस त्याच विद्यार्थ्याला मिळाले, आणि ते योग्यच होते. मला काहीच मिळाले नाही. एक परीक्षक खाली उतरताना एवढेच म्हणाले, "तुमच्यामुळे मला आज रेडिओ ऐकावासा वाटतोय."

दुपारच्या परतीच्या गाडीत माझ्या शेजारी वेळापूरचे एक म्हातारे शेतकरी होते आणि पुढे सुट्टीवर आलेला एक फौजी, मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन. सामना लागला होता! मोहोळच्या स्टँडवर शून्य-शून्य. निम्म्या गाडीला काय चालले आहे ते मी समजावून सांगितले, मीच! कंडक्टर तिकिटे फाडता फाडता "किती झालं?" विचारत होता. खरखरत आवाज जायचा, यायचा. म्हातारबाबांनी माझा दंड घट्ट धरला होता. अगदी शेवटी गोऱ्यांनी एक गोल केला. खेळ संपला. फौजीने ट्रान्झिस्टर बंद केला.

"एकच न्हवं?" म्हातारबाबांनी विचारले.

"एकच."

"मग पुन्यांदा कवा हाय?"

मला ठाऊक नव्हते. पण सभागृहातून निघाल्यापासून मी जी वाक्ये मनात जुळवत होतो, ती आता थांबली. प्राचार्यांना काय सांगायचे, बक्षीस का नाही, तोंडून 'न्हाय' कसे गेले, यातले काहीच सोमवारी सांगायचे नव्हते. त्यांच्यासमोर उभे राहून मलाही एवढेच विचारायचे होते, पुढची स्पर्धा कधी आहे?