भोंग्याला लावलेली कणीक

बेस गिटार घ्यायची म्हणून सल्ला विचारायला माणसं अजूनही माझ्या दुकानात येतात. कापड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक एक वेळ परवडतं, पण हे नाही. कारण त्यांचं सगळं आधीच ठरलेलं असतं. फोटो बघून झालेला असतो, रंग निवडून झालेला असतो, मी फक्त मान डोलवायची बाकी असते. मी डोलवत नाही. मी विचारतो, "वाजवणार कशातून?" समोरचा पुन्हा गिटारीचा फोटोच पुढं करतो. गिटारीचा रंग म्हणजे नवरदेवाचा फेटा, दोन दिवसांचा. संसार करायचा असतो तो आवाजाच्या खोक्याशी. म्हणून आधी खोकं बघा, मग गिटार. हे मी आमच्या गावात, केजात, मांडवाच्या भोंग्याखाली उभं राहून शिकलो आहे, त्यामुळे त्यात वाद घालू देत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गावात केबलच्या वायरी या गच्चीवरून त्या गच्चीवर जायला लागल्या होत्या, बसस्थानकासमोर एसटीडीचा पिवळा बूथ उघडला होता. मी बी.कॉम. होऊन आमच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसायला लागलो होतो. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एका मास्तरांनी त्याच सुमारास ऑर्केस्ट्रा काढला. सोलापूरचा एक ऑर्केस्ट्रा मोडला, त्याचं सामान मास्तरांनी एकगठ्ठा उचलून आणलं. ड्रम घ्यायला भांडणं झाली, साध्या गिटारीला तिघं लटकले. उरली ती चार जाड तारांची बेस. तिच्याकडं कुणी बघेना. माझी उंची आणि कापड मोजून लांब झालेले हात बघून मास्तर म्हणाले, "ही तुलाच पेलंल." अशी ती माझ्या पदरात पडली.

घरी नेली तर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती उलटीसुलटी करून पाहिली. "दोन तारा कमी हायत," ते म्हणाले. "भाव कमी करून घेतला का न्हाई मास्तरानं?" व्यापाऱ्याच्या घरात याहून वेगळं काय विचारणार.

शिकवायला कोणी नव्हतं. मास्तरांना पेटी येत होती, बेस येत नव्हती. त्यांनी पेटीवर सूर धरायचा आणि मी चारही तारा त्याला लावून घ्यायच्या, एवढंच शिक्षण. बाकी मी ठेचा खात शिकलो, त्यातलं थोडं सांगतो. पट्टा रुंद घ्या. सामानाबरोबर आलेला पट्टा इतका अरुंद होता की दोन गाण्यांत खांद्याला वळ उठायचा. मी बाजेची नवार, म्हणजे बाज विणायची जाड सुती पट्टी, कापून तिचा पट्टा शिवला, तो आजही शाबूत आहे. गिटार पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तिची मान वाकते, आणि वाकलेली मान सरळ करणारा कारागीर तेव्हा आमच्या जिल्ह्यात तरी मला सापडला नव्हता. तारा जुन्या होऊन मुक्या झाल्या की फेकू नका, साध्या पाण्यात उकळा, पुसून कोरड्या करा आणि पुन्हा चढवा, थोडे दिवस निघतात. मात्र हे आईला विचारून करा. मी डाळीच्या पातेल्यात उकळल्या होत्या. आईनं ते पातेलं त्या दिवसापासून जनावरांच्या पाण्याला काढलं आणि आठ दिवस मला वाढताना भाजी आपटून वाढली.

सराव करायला मशीन, म्हणजे आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, लागत नाही, हेही सांगून ठेवतो. दुकानात लाकडाचं भलंमोठं कपाट होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गिटारीचं टोक मी कपाटाच्या दाराला टेकवायचो आणि तार छेडायचो. सगळं कपाट घुमायचं. आत साड्यांचे गठ्ठे असले की आवाज मऊ यायचा, सणाला माल संपला की मोकळा. तो आवाज छातीत उतरायचा. मला त्याचं अक्षरशः वेड लागलं होतं. हिशेबात चित्त नाही म्हणून आप्पा कावायचे, पण कपाटापासून मला कधी उठवलं नाही त्यांनी.

आणि मग कार्यक्रम सुरू झाले, आणि तिथं माझी सगळी हवा गेली. मांडववाल्याचे भोंगे लिंबाच्या झाडावर बांधलेले असायचे. गाणारीचा आवाज पार शिवारात पोचायचा, बासरी पोचायची, माझी तार मात्र भोंग्यातून नुसती टक टक करायची. कपाटात घुमणारा तो आवाज कुठं मरत होता, मला कळेना. मी बोटं जोरात मारू लागलो. बोटांना फोड आले, फोड फुटले, घट्टे पडले, तरी टक टक ती टक टकच. एका लग्नात नवरीच्या मामानं येऊन मला आपुलकीनं विचारलं, "पाव्हणं, तुमची वायर जोडायची राहिली जणू."

अशात मास्तरांचा भाचा पुण्याहून आला, तो नवा कीबोर्ड घेऊन. परदेशी बनावटीचा, बटण दाबलं की सनई, बटण दाबलं की व्हायोलिन. उजव्या हातानं तो गाणं वाजवायचा आणि डाव्या हातानं बेस. माझी बेस. भोंग्यातून ती निदान ऐकू तरी यायची, कारण कीबोर्डाची बेस मुळातच जरा वरच्या, टणक आवाजाची होती. भाचा स्वभावानं चांगला होता, तोऱ्यात वागणारा असता तर मला राग काढायला तरी जागा मिळाली असती. आमचा ऑर्केस्ट्रा एका जीपमध्ये कोंबून बसायचा. माणसं, ड्रम, ढोलकी, पेटी, सगळं त्यातच. भाचा आणि त्याचा कीबोर्ड आला म्हटल्यावर कुणीतरी उतरणार हे सगळ्यांना दिसत होतं. मास्तर माझी नजर चुकवून म्हणाले, "तेलगावचं लग्न होऊ दे. मग बसून बोलू." बसून बोलू म्हणजे काय, हे दुकानदाराच्या पोराला सांगावं लागत नाही. उधारी थकली की गिऱ्हाईक हेच म्हणतं.

मला झोप लागेना. बेस सुटली तर मी पुन्हा नुसता गादीवरचा माणूस होणार होतो, आणि ते मला नको होतं.

आमच्या घरी दर सोमवारी महादेवाच्या देवळात भजनाला जायची रीत. माझे चुलते पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक भिजवून लावतात, तेव्हा तो खालच्या सुरात बोलतो. कणीक नसेल तर पखवाज नुसता टणटण करतो. ती कणीक मळायचं काम मिसरूड फुटायच्या आधीपासून माझ्याकडं होतं. किती सैल, किती घट्ट, हे माझ्या बोटांना ठाऊक. त्या सोमवारी कणीक थापता थापता माझ्या डोक्यात उजेड पडला. कातडं टणटण करतं, कणीक लावली की घुमतं. मग भोंगा टक टक करतो, तर...

हसू नका. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी गिटारीसकट मांडववाल्याच्या गोदामात जाऊन, तो जेवायला घरी गेलेला बघून, मी एका भोंग्याच्या मागचं युनिट खोललं. आत पातळ पडदा होता. त्यावर हळुवारपणे, देवाच्या पखवाजाला लावतो तशी, सुपारीएवढी कणीक लावली. स्क्रू आवळले, वायर जोडली, तार छेडली. आता टक टक पण बंद. भोंगा ठार मुका झाला. मी मशीनचा आवाज आणखी वाढवला, तेवढ्यात मांडववाला दारात उभा.

त्यानं युनिट खोलून आत पाहिलं, बोट लावून वास घेतला, आणि मग माझ्याकडं पाहिलं. "भोंग्याला जेवू घालतो का बे?" तो म्हणाला. "कावून? उपाशी हाय का त्यो?"

मी सगळं खरं सांगितलं. तो हसला नाही, चिडून बोलला, "बस तिथं आन् साफ कर. पडदा फाटला तर नवा आणून द्यायचा."

बसायला गोदामात एक मोठं लाकडी खोकं होतं. सगळे त्यावरच बसायचे, चहाचे कप त्यावरच असायचे. मी पडदा पुसता पुसता नुसतं त्यावर टकटक केलं, आणि ते घुमलं. आमच्या कपाटासारखं नाही, त्याच्याहून खोल. मी वाकून पुढची फळी पाहिली. फाटक्या कापडामागं परातीएवढा कागदी स्पीकर होता.

"हे काय हाय?"

"टुरिंग टॉकीजचा डबा," मांडववाला म्हणाला. "जत्रेत तंबू लावायचे ना, त्यांचा. केबल आली, तंबू बसला. आता ह्याला काय करायचं, भोंग्यासारखा ह्याचा आवाज शेतात जात न्हाई."

कणकेचं गणित माझं चुकलं नव्हतं, लावायची जागा चुकली होती. खालच्या आवाजाला मोठं तोंड लागतं, आणि मागं पोकळी लागते. भोंग्याच्या चिमूटभर पडद्याला तुम्ही कणीक लावा नाहीतर पुरणपोळी. डब्यातल्या स्पीकरचा कागद एका ठिकाणी फाटला होता. पतंगाचा कागद डिंकानं चिकटवून मी तो सांधला, वाळू दिला आणि वायर जोडून सगळ्यात जाड तार छेडली. गोदामाचे पत्रे थरथरले, कप खाली पडून फुटला. मांडववाला कपावरून मला शिव्या द्यायच्या ऐवजी खोक्यावर हात ठेवून उभा राहिला. "आगं आई," एवढंच म्हणाला तो. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी भरदुपारी तिथंच गिटार गळ्यात घालून नाचलो.

पण खोकं होतं एका माणसाएवढं. तेलगावला निघायच्या सकाळी मास्तरांनी जीपकडं पाहिलं, खोक्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. टपावर मांडवाचं सामान बांधलेलं होतं. "एक तर तू, न्हाईतर हे," मास्तर म्हणाले.

"हेच न्या," मी म्हणालो. "खाली जमिनीवर ठेवा, भिंतीच्या कोपऱ्याला. स्टुलावर चढवू नका." खोकं कोपऱ्यात असलं की भिंत त्याला साथ देते, हे मला दुकानातल्या कपाटानं शिकवलं होतं. जीप गेली. मी गिटार गोधडीत गुंडाळून धारूरमार्गे जाणारी एसटी धरली. कंडक्टरनं तिला आजारी माणूस समजून खिडकीची जागा दिली आणि घाटात बस गरम होऊन थांबली तेव्हा सगळ्यांच्या आधी मला विचारलं, पेशंटला पाणी पायजे का.

पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, पंगती सुरू होत्या, ऑर्केस्ट्राही सुरू होता. भाचा दोन्ही हातांनी वाजवत होता. गाणं चाललं होतं व्यवस्थित, माझ्यावाचून काही अडलेलं नव्हतं. खोकं मात्र मी सांगितलं तसं कोपऱ्यात ठेवलं होतं. मी वायर जोडली, नवारीचा पट्टा गळ्यात घातला. मास्तरांनी पेटीवरून मानेनंच खूण केली.

इथं एक शेवटचा सल्ला देतो. पहिल्यांदा आवाज सापडला की माणसाला हात दाखवायची खुमखुमी येते. ती गिळा. ढोलकीवाल्याच्या डाव्या हाताकडं बघा आणि त्याच्याबरोबर पाय टाका, एवढं पुष्कळ झालं. मी तेच केलं. चार चार ठोक्यांना एक सूर, मोजका.

पंगतीतल्या कुणीही मान वर केली नाही. बुंदी वाढणारे वाढत होते. पण थोड्या वेळानं पाहिलं तर वाढपी ठेक्यात चालायला लागले होते, आणि कोपऱ्याजवळ बसलेली एक म्हातारी जेवता जेवता डाव्या हातानं आपल्या छातीवर थाप देत होती. मी भाच्याकडं पाहिलं. त्याचा डावा हात थांबला होता. त्यानं तो कीबोर्डाच्या खालच्या पट्ट्यांवरून उचलला, एकदा पँटला पुसला, आणि उजव्या हाताशेजारी नेऊन ठेवला. मग दोन्ही हातांनी तो वरचं वाजवायला लागला. तसं भरलेलं, मोकळं वाजवताना मी त्याला आधी कधी ऐकलं नव्हतं. मास्तरांनी ते पाहिलं. त्यांनी पेटीचा भाता सोडला आणि एक अख्खं कडवं नुसतं ऐकत बसले.

जेवणं आटोपून सामान भरलं. खोकं आत गेलं, ड्रम गेला, कीबोर्ड गेला. मी गोधडी गुंडाळत होतो, चारच्या एसटीचा हिशेब मनात चालला होता. मास्तरांनी भाच्याला आत सरकवलं आणि माझ्या हातातली गिटार घेऊन त्याच्या मांडीवर ठेवली.

"तू बस," ते मला म्हणाले.

"आन् तुमी?"

"मी येतो येस्टीनं. पेटी काय, मांडीवर मावती." त्यांनी पेटी उचलली, आणि जाता जाता वळून म्हणाले, "सोमवारी टपाला लोखंडी जाळी मारून घेऊ, म्हंजे खोकं वर जाईल. आता सगळे लागतात."

जीप हलली. मास्तर पेटी काखेत धरून उन्हातून स्टँडकडं चालले होते. ते दिसेनासे होईपर्यंत मी मागंच बघत होतो. शेजारी भाचा हळूच म्हणाला, "खोकं जरा तिकडं सरकव ना, गुडघ्याला लागतंय." मी सरकवलं.