अठ्ठावीस दातांच्या राखणकर्त्या

डॉ. नलिनीकाकूंची आणि माझी पहिली भेट अमेरिकेत, शुगर लँडला, मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणात झाली. डेंटिस्ट आल्यात हे कळताच मी वडा बाजूला ठेवून त्यांच्यापुढे आ वासला. एरवीही माझं तोंड उघडंच असतं, अशी मंडळाची तक्रार आहे.

"काकू, ही दाढ काढूनच टाकू का? कटकट जाईल."

"माझ्याकडे इथलं लायसन्स नाही," काकू म्हणाल्या. "पण काढू नकोस, एवढं सांगायला ते लागत नाही. वडा खा, निवतोय."

त्यांच्या बजावण्यामागची गोष्ट पुढे त्यांच्या गराजमध्ये कळली. आपल्या गराजमध्ये न वापरलेली ट्रेडमिल असते. काकूंच्या गराजमध्ये दात कोरायचं, पायानं चालवायचं ड्रिल आहे. ऑस्ट्रेलियातल्या आडगावांत जुने दंतवैद्य ते आगगाडीनं न्यायचे आणि हॉटेलच्या खोलीत दवाखाना मांडायचे. त्या माणसांचा इतिहास काकूंनी लिहिलाय. एका वृद्ध डॉक्टरांच्या आठवणी टिपायला त्या दिवसभर एकट्या ड्राइव्ह करत गेल्या होत्या. मी वीस मिनिटांवरची मीटिंग कॅन्सल करतो.

तिथं तेव्हा एक रीत होती: लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवायची. नवऱ्याला पुढे दातांच्या खर्चाचा त्रास नको! काकू भारतातून जाऊन तिथं नव्यानं नोकरीला लागल्या होत्या, तेव्हा अशीच एक नवरी खुर्चीत येऊन बसली. दात ठणठणीत.

"काढ, नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं निघ," वरिष्ठ डॉक्टर म्हणाले.

काकूंनी मुलीच्या हातात आरसा दिला. तिच्याकडूनच दात मोजून घेतले. अठ्ठावीस.

"यातला दुखतो कुठला?"

"एकही नाही."

"मग मी काढू कुठला?"

मुलगी उठून घरी गेली. काकू संध्याकाळच्या गाडीनं निघाल्या. परक्या देशात, हातात नोकरी नसताना! मी आयुष्यभर लोकांना टोचून लिहीत आलो. इतकं धारदार वाक्य मला एकदाही सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्यापायी नोकरी सोडली नसती.

गेल्या महिन्यात ती मुलगी, आता आजी झालेली, माझ्यासमोरच काकूंच्या व्हिडिओ कॉलवर आली. तिनं सफरचंदाचा कचकन लचका तोडला. काकूंनी चष्मा काढून पुसला.

काकू, पंचाहत्तरी झाली, आता शंभरी ठणठणीत गाठा. त्या दिवशी कडक गुळाची चिक्की मी आणीन. माझा तुकडा तुम्ही काढू न दिलेल्या त्याच दाढेनं फोडीन.