उन्हातली कुत्री आणि सावलीतला डॉक्टर

आळेफाट्याला माझा जनावरांचा दवाखाना आहे. दुपारी काम नसलं की शेजारचा गॅरेजवाला चहा घेऊन येतो आणि जुने किस्से निघतात. बारा वर्षांत लई साठलेत. अडचण एवढीच, की बहुतेकांत हसं माझंच झालेलं असतं. उन्हाळ्यातले तर विचारूच नका.

*

पहिल्याच उन्हाळ्यात ओतूरचे सलीमभाई आले. बकऱ्यांचे व्यापारी. त्यांचा राखणीचा झिपरा कुत्रा दिवसभर धापा टाकत होता. मी रुबाबात सांगितलं, केस मुळापासून काढून टाका.

आठवड्यात त्याची पाठ भाजून निघाली. केस उन्हालाही अडवतात, हे मी नंतर वाचलं. सलीमभाईंनी त्याला स्वतःचा जुना कुर्ता घालून आणलं. रागावले नाहीत. म्हणाले, "केस येईपर्यंत हा घालतो. तुम्ही तोवर वाचून घ्या."

*

मग मी खरंच वाचलं आणि गावोगाव सांगत सुटलो. डांबरावर उलटा हात ठेवा, पाच मोजेपर्यंत ठेवता आला नाही तर कुत्र्याला चालवू नका. एकदा मेंढपाळांना करून दाखवत होतो. तेवढ्यात कुणीतरी प्रश्न विचारला. मी उत्तर देत बसलो, हात तसाच. चांगला फोड आला.

एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "आमी नुसती चप्पल काढून बघतो, डॉक्टर."

*

राजुरीच्या एका बागायतदारानं बिबट्याच्या भीतीनं थंड हवेतला भलाथोरला कुत्रा आणला आणि पहिल्याच दिवशी भर दुपारी बागेत फिरवला. कुत्रा मटकन बसला. मी सांगितलं, हळूहळू सवय लावा. सकाळी दहा मिनिटं, मग रोज थोडं वाढवा, सोबत पाणी ठेवा. त्यांनी महिनाभर नेमानं फिरवला.

पुढं भेटले तेव्हा फार खूश होते. कुत्र्याचं विचारलं, तर म्हणाले, "तो बराय. पण राव, माझी शुगर उतरली."

*

आणि ही मेंढपाळ हौसाबाईंची कुत्री, भुरी. आंबेगावच्या माळावर त्यांच्या मेंढरांचा मुक्काम होता. बुजलेल्या मेंढराला वळवायला भुरी दुपारी लांबवर पळाली आणि परत येऊन कोसळली. फोन आला. मी पोचलो तर तिचे डोळे फिरलेले, अंग तव्यासारखं. लोकांना पाणी जवळ ठेवा म्हणून सांगणाऱ्या माझ्या गाडीत अर्धी बाटली होती.

हौसाबाईंनी पालातून कॅन ओढत आणले. घरच्यांचं पिण्याचं पाणी, दुसरं नव्हतं. टँकर संध्याकाळी येणार होता. माझा हात अडला.

"वता," त्या म्हणाल्या. "आमी टँकरपस्तोर थांबू. तिला थांबता येत न्हाई."

भुरीला सावलीत घेतलं. पोटावर, काखेत, तळपायांवर पाणी ओतत राहिलो. हौसाबाईंची सून घोंगडीनं वारा घालत होती. धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधू नये, एवढं मला पाठ होतं, म्हणून मोकळंच ठेवलं. दोन कॅन संपले. तिसरा उघडताना मला खरंच रडू यायला लागलं.

भुरीचा कान हलला. तिनं मान उचलली, माझ्याकडं नीट बघितलं आणि माझ्या मनगटाला कडकडून चावली.

हौसाबाईंनी कपाळावरचा घाम पुसला.

"आली शुद्धीवर."