दोन प्रतिष्ठित रहिवासी

वकीलकाकूंना कुणी काही सांगायला गेलं, की त्या आधी विचारायच्या, "पाहिलं का ऐकलं?" शेजारच्या भांडणाची बातमीसुद्धा या प्रश्नातून सुटत नसे. शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात, आमच्या गल्लीत त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. आई नोकरी करायची, म्हणून माझी शाळेतली वर्षं त्यांच्याच घरी जेवण्यात गेली. पुढे मी मास्तर झालो.

काकूंचा एक हट्ट होता. पोलिसांनी झडती घेताना त्याच परिसरातले दोन प्रतिष्ठित रहिवासी साक्षीला घ्यावेत, असा कायदा आहे. पण झडती कोळ्यांच्या वस्तीत असली, की साक्षीदार शहरातून यायचे. काकू दर खटल्यात हरकत घ्यायच्या. "वस्तीत चाळीस घरं, अन् एकही माणूस प्रतिष्ठित नाही? हे कोण ठरवून राहिलं?" सरकारी वकील हसायचे. काकू पुढच्या खटल्यात पुन्हा तेच लिहून द्यायच्या.

बरगी धरणाकाठच्या कोळी वस्तीतल्या एका मच्छीमारावर पाण्याचा पंप चोरल्याचा आरोप आला. ठाणेदारांचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्यांनी झडतीचा साक्षीदार म्हणून बोलावलं, मी गेलो. झडतीभर मी जीपमध्ये बसून होतो. शेवटी पंचनाम्याचा कागद पुढे आला, मी सही केली.

कोर्टात मच्छीमाराच्या बाजूनं उलटतपासणीला काकूच उभ्या राहिल्या. घरी बंडू म्हणणाऱ्या काकूंनी मला 'सर' म्हटलं आणि विचारलं, पंप घरातून निघताना तुम्ही पाहिला का. मी हो म्हणालो. शिक्षक खोटं कशाला बोलेल, असं निकालात आलं. मच्छीमाराला दोन वर्षांची शिक्षा झाली.

त्या रविवारी काकूंनी मला नेहमीसारखं जेवायला वाढलं. मग म्हणाल्या, "तुला काहून निवडलं, ते समजून घे बंडू. तू खोटं बोलशील म्हणून नाही. तुझं खोटं चालेल म्हणून."

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. मी नोकरीचा विचार केला आणि गप्प बसलो.

काकू अपिलात लढत राहिल्या. वस्तीतल्या एकालाही साक्षीला का घेतलं नाही, याचं उत्तर पोलिसांकडे नव्हतं. तो निर्दोष सुटला, पण तोवर शिक्षा भोगून झाली होती. त्याच वर्षी काकू गेल्या.

तेराव्याला मी त्यांच्या घरी गेलो, तर तो मच्छीमार दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. त्यानं मला ओळखलं. लगेच उठला, हात जोडले, खुर्ची रिकामी केली. "मास्साब, आप बैठिए."

आणि मी बसलो.