दोन सूत

भुताखेतांच्या बातम्या मी छापणारा नव्हे, कापणारा माणूस. धारहून एका हिंदी दैनिकाला जिल्ह्याच्या बातम्या पाठवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. मनावर गावच्या विहिरीतला आवाज, सरदारपुरातली आपोआप वाजणारी घंटा... असलं काही आलं की मी एकच विचारायचो : प्रत्यक्ष कोणी ऐकलं, त्याचं नाव दे. नाव कधी यायचं नाही. बातमी टोपलीत जायची.

या वेळी ऐकणारा मी आहे. म्हणून घडलं त्याच क्रमाने लिहितो.

गोष्ट मागच्या वर्षीची, फाल्गुनातली. माझ्या मामी सुशीला, वय एकसष्ट, राहणार देवास. मामा नऊ वर्षांपूर्वी गेले. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. मामा माप घेऊन कापड कापायचे, मामी मशीनवर शिवायच्या. मामांचा हिशेब सगळा सुतात — इंचाचे आठ सूत. ओठांत टाचण्या धरून ते गिऱ्हाइकाभोवती फिरायचे आणि तसेच बोलायचे, "ऐकलं का, दोन सूत आत घ्या." चारचौघांत त्यांनी मामींना कधी नावाने हाक मारली नाही. 'ऐकलं का' एवढंच.

मामींना उजव्या गालाच्या आत, नाकाच्या पोकळीत कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण थोडी गाठ डोळ्याच्या नसेजवळ राहिली. ज्या रुग्णालयात त्यांचं रेडिएशन व्हायचं होतं — देवासहून अर्ध्या तासावर, नाव देत नाही — तिथे एक चाचणी चालू होती. रेडिएशनचा डोस पायरी-पायरीने वाढवायचा. एका गटाला एक डोस झेपला, की पुढच्या गटाला थोडा जास्त. मामींना वरच्या पायरीच्या गटात यायचं का, असं विचारलं गेलं.

डॉक्टरबाईंनी हिंदीत सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. जास्त डोसने उरलेली गाठ मरण्याची आशा जास्त. पण किरणांचा झोत जागेवरून हलला तर उजवा डोळा जाऊ शकतो. मामींच्या डाव्या डोळ्याला लहानपणापासून धूसर दिसतं. सुई ओवतात ती उजव्याच्या भरवशावर.

मामींनी संमतीचा कागद शेवटपर्यंत वाचून एकच प्रश्न केला, "मार्जिन कितना छोड़ा है?"

डॉक्टरबाई चमकल्या. त्यांच्या कामातही हाच शब्द आहे — गाठीभोवती सोडलेली जागा. म्हणाल्या, तीन मिलिमीटर.

मामी माझ्याकडे वळल्या. "म्हणजे एक सूत. एवढ्याशा मार्जिनवर तुझे मामा ब्लाउजसुद्धा शिवत नसत." आणि सही केली.

या चाचणीवर मी रविवारच्या पुरवणीसाठी लेख करत होतो. मामींच्या संमतीने मला तीन दिवस कंट्रोल रूममध्ये बसायची लेखी परवानगी मिळाली. हे दुसऱ्या दिवशी घडलं. वेळ सकाळी अकरा चाळीस. मी घड्याळ बघून टिपली होती.

आत मामी टेबलावर. चेहऱ्यावर जाळीदार प्लास्टिकचा घट्ट मुखवटा, टेबलाला क्लिपांनी जखडलेला. दातांत जीभ खाली दाबून ठेवणारा ठोकळा. अशा अवस्थेत माणूस 'हूं' म्हणू शकतो, शब्द बोलू शकत नाही. (मी नंतर दातांत जाड खोडरबर धरून करून पाहिलं. माझी बायको हसली, पण शब्द काही फुटला नाही.)

बाहेर दोघंच — मी आणि टेक्निशियन राकेश. पीपलरावां गावचा, पस्तिशीचा, हातात सफाई असलेला माणूस. त्याने मशीनवर मामींची प्रतिमा घेतली, ती आराखड्याशी अगदी जुळली. दार बंद झालं. तेवढ्यात दिवे लुकलुकले आणि मशीन बसलं. ते पुन्हा तयार व्हायला सात मिनिटं लागली. राकेशने माइकवरून विचारलं, काकीजी, ठीक? मामींनी अंगठा वर केला. प्रतिमा घेऊन झालेली होती. आता फक्त बटण दाबायचं. राकेशचं बोट बटणावर गेलं...

आणि आतल्या माइकवरून आवाज आला. पुरुषाचा. किंचित घोगरा, अजिबात घाई नसलेला — ओठांत टाचण्या धरून बोलावं तसा.

"कापड सरकलंय. दोन सूत."

राकेशचं बोट तसंच थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "भिया, आप बोले?"

मी नकारार्थी मान हलवली. समोर तीन कॅमेऱ्यांचे पडदे होते. तिन्हीवर एकट्या मामी, निश्चल.

"अंदर तो कोई नी है," राकेश हळूच म्हणाला. स्वतःलाच सांगितल्यासारखं. मग त्याने बटणावरचं बोट काढलं आणि प्रतिमा पुन्हा घेतली.

चेहरा मुखवट्याच्या आत सरकला होता. उजवीकडे, डोळ्याची नस झोतात येईल असा. पडद्यावर आकडा होता ६.३ मिलिमीटर.

सव्वीस वर्षांची सवय हात सोडत नाही. राकेश एक शब्द बोलायच्या आत मी वहीची दोन पानं फाडली. एक त्याच्यापुढे सरकवलं — जो सुना, लिखो, मुझे मत बताओ. तो कुरकुरला, भिया, मेरी नौकरी खाओगे. पण त्याने लिहिलं. मीही लिहिलं. मग दोन्ही पानं शेजारी ठेवली.

माझ्या चिठ्ठीवर : कापड सरकलंय. दोन सूत.

राकेशच्या चिठ्ठीवर : बाबीन कापड सरकलय दोन सुत.

राकेशला मराठी येत नाही. 'सूत' त्याला ठाऊक होतं, त्याचे वडील गवंडी आहेत. बाकी त्याने कानावर पडलं तसं उतरवलं होतं. मी विचारलं, हे बाबीन काय? मी तर ऐकलं नाही. तो म्हणाला, "मेरे को क्या मालूम? मराठी तो आप लोगों की है."

तोवर डोसचं आणि झोताचं गणित पाहणारे फिजिसिस्ट आले. त्यांच्याकडे सरकण्याचं साधं कारण होतं. आजारात मामींचं वजन उतरलं, मुखवटा सैल झाला, सात मिनिटांच्या थांबण्यात मान ढळली. असं होतं. नवा मुखवटा बनला आणि दोन दिवसांनी उपचार पुढे सुरू झाले.

पण मला त्या दिवशी एका जागी बसवेना. जिना उतरून पार्किंगमध्ये गेलो. मोबाइलवर गणित केलं. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. भागिले आठ. गुणिले दोन. उत्तर ६.३५. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग कारण नसताना तोच जिना धावत वर चढलो.

नंतर जे तपासता येईल ते तपासलं. दुसऱ्या कुठल्याही खोलीचा माइक तिथे जोडलेला नाही. त्या पाळीला मराठी बोलणारं कोणी कामावर नव्हतं. माझ्या मनानेच मामांचा आवाज रचला असेल, हेही मी धरून चाललो. त्याने माझ्या चिठ्ठीचं कोडं सुटतं. राकेशच्या चिठ्ठीचं सुटत नाही.

लेख छापून आला, त्यात यातलं काही नव्हतं. उपचार पूर्ण होईपर्यंत मामींनाही बोललो नाही.

तीन महिन्यांनी त्यांचं स्कॅन झालं. गाठ सध्या दिसत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. उजव्या डोळ्याची नजर होती तशीच आहे. ते कळल्यावर मी धारहून देवासला गेलो. दुपारची वेळ, मामी मशीनवर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी पाय थांबवून ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "दोन सूतच म्हणाले? बरोबर."

मग मी राकेशची चिठ्ठी दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. त्यांचं बोट पहिल्या शब्दावर थांबलं आणि तिथून हललं नाही.

"हे तुला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, कोणी नाही. मी तर तो शब्द ऐकलाही नाही.

त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग चेहऱ्यावर हसू आलं आणि कानशिलं लाल झाली. म्हणाल्या, "बाबीन नाही रे. बॉबिन. घरात कोणी नसलं की मला असं म्हणायचे. वरचा धागा सगळ्या जगाला दिसतो, पण शिवण धरून ठेवते ती खाली बसलेली बॉबिन... असं काहीतरी वेड्यासारखं. माझ्या मुलांनासुद्धा ठाऊक नाही हे."

त्यांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं, डावा डोळा मिटला आणि सुई ओवली. पहिल्याच खेपेला.

तो शब्द राकेशलाच का ऐकू आला, मला का नाही, हे मला आजही सांगता येत नाही. आवाज कोणाचा, हेही नाही. पुराव्यादाखल माझ्याकडे फक्त माझी चिठ्ठी आहे. दुसरी मागितली तेव्हा मामींनी ती मशीनच्या खणात ठेवली आणि खण लावून घेतला.

"ती तुझी नव्हे," म्हणाल्या.