पालीच्या शेडमधली सिस्टीम

आमच्या ऑफिसात आता कागद साचत नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर गेलंय. किस्से मात्र साचतात. त्यांना ना फोल्डर, ना बॅकअप. दुपारची जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतं, "म्याडम, ते टीव्हीचं सांगा की," आणि मग मला सांगावंच लागतं. म्याडम म्हणजे मी, इथली कॉम्प्युटर ऑपरेटर.

ऑफिस म्हणजे तरी काय, पालीजवळ पत्र्याचं एक लांबलचक शेड. शेतकऱ्यांनी मिळून काढलेली सीताफळाची कंपनी. मागच्या दारातून बिंदुसरा धरणाचं पाणी दिसतं. सीझनमध्ये पिकत्या फळांचा गोड वास आत असा कोंडतो, की दुपारी माणूस जागा आहे की स्वप्नात, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. आमचे चेअरमन अण्णा उघड्या डोळ्यांनी झोपतात असा सगळ्यांचा समज आहे. अण्णांनी तो कधी खोडून काढलेला नाही.

फळं निवडायला बायका असतात आणि त्यांच्या पुढारी शकुंतला आक्का. दरवर्षी दिवाळी झाली की आक्का आणि त्यांचे मालक कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यातच परत येतात. यंदा मात्र आक्कांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पोरगी धाव्वीला हाय. यंदा तिला दुसऱ्याच्या दारात ठिवून जायचं न्हाई. दिवाळीच्या फुडंबी हितं काम निघालं, तर म्या हितंच."

काम निघेल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. सीताफळ संपलं की आमचं शेड पण संपतं. त्याच महिन्यात आमच्याकडं सिस्टीम आली.

* * *

सिस्टीम बसवायला पुण्याहून चिन्मय सर आले. वयाने लहान, बोलायला फार गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना पोत्यांवर बसवून डेटा आणि माहिती यांतला फरक समजावला.

"समजा बाहेर ढग आलेत. हा झाला डेटा. त्यावरून आपल्याला कळलं की पाऊस पडणार. ही झाली माहिती."

बायकांनी माना डोलावल्या. अण्णा मागच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. धरणावरून ढग सावकाश पलीकडच्या डोंगराकडं चालले होते आणि अण्णा त्यांच्याकडं बघत होते. ते झोपलेत असं समजून सर पुढच्या मुद्द्यावर गेले, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "सर, आमच्याकडं नुसता डेटाच येतो."

सरांनी ते लॅपटॉपमध्ये लिहून घेतलं.

* * *

दुसरा दिवस पासवर्डचा. प्रत्येकीनं आपल्या नावानं टॅबलेट उघडायचा आणि निवडलेल्या क्रेटची नोंद करायची. "पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही," सर म्हणाले. "अगदी नवऱ्यालासुद्धा नाही." नवऱ्याला न सांगायची गोष्ट म्हटल्यावर बायकांना सिस्टीम एकदम आवडली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी आक्का टॅबलेट मांडीवर घेऊन नुसत्याच बसलेल्या.

"काय झालं आक्का?"

"मंदा आली न्हाई."

मंदा त्यांच्या शेजारी बसून फळं निवडायची. "मग?"

"माझा पासवर्ड मंदाकडं हाय. घराला कुलूप लावलं की किल्ली शेजारणीकडंच ठिवावी लागती की, म्याडम."

चौकशी केली तर प्रत्येकीनं आपला पासवर्ड शेजारणीकडं ठेवला होता आणि स्वतः तो निवांतपणे विसरली होती. मंदा गेली होती माहेरी, तेलगावला. मी तिला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि म्हटलं, "मंदा, आक्कांचा पासवर्ड सांग बरं."

"न्हाई," मंदा म्हणाली. "सरांनी कुणालाबी सांगू नका म्हणलंय."

"अगं, आक्काच विचारतायत."

"आसू दे की. उद्या म्या येते आन् सोता टाकते."

आमच्याकडं आजवर एकही पासवर्ड फुटलेला नाही.

* * *

कैलास आमचा टेम्पोवाला, आणि विक्री बघणाराही तोच. सरांनी त्याच्या फोनवरून लाइव्ह लोकेशन सुरू करून दिलं. माल कुठं पोचला, हे आता शेडमध्ये बसून दिसणार होतं.

पहिल्या खेपेला तो फळं घेऊन संभाजीनगरच्या मार्केटला निघाला आणि अख्खं शेड माझ्या स्क्रीनमागं जमलं. निळा ठिपका पाडळशिंगी ओलांडून पुढं सरकत राहिला आणि गेवराईजवळ थांबला. मग थांबूनच राहिला. हायवेवर वाळूचा टिपर आडवा झाला होता, दोन्ही बाजूंनी रांगा. बाहेर ऊन कलत गेलं, धरणावरचा उजेड पिवळा झाला, चहा झाला, ठिपका तसाच. बायका काम सोडून त्याच्याकडं बघत होत्या, पाळण्यात निजलेल्या बाळाकडं बघावं तशा.

शेवटी मी फोन लावला. पलीकडून कैलास झोपेतूनच बोलला. "म्याडम, मी हितंच हाय, कुठं जाणार मी? सगळ्याजणी मिळून कावून बघायलाव माझ्याकडं? नीट झोपबी लागंना."

रस्ता मोकळा झाला तोवर फळं मऊ पडली. व्यापारी नको म्हणाला. कैलास अख्खा टेम्पो परत घेऊन आला आणि शेडमधल्या सगळ्यांची तोंडं उतरली. आक्कांनी मात्र एक फळ फोडलं, चाखलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "पिकलं म्हनून टाकून द्यायचं आसतं व्हय? बसा गं. गर काढा."

ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये तो गर ठेवला. सरांनी थोडा नमुना पुण्याच्या एका मोठ्या खरेदीदाराला पोचवला. त्याला तो फार आवडला. गराची ऑर्डर मिळाली, तर गोठवलेला माल भरायला, पाठवायला हिवाळाभर बायका लागणार होत्या. आक्कांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हंजी दिवाळीच्या फुडं?" मी म्हटलं, हो. त्या दिवशी त्या काम करताना गुणगुणत होत्या आणि मलाही उगाच आनंद झाला होता.

* * *

मग आला डॅशबोर्ड. सरांनी भिंतीवर मोठा टीव्ही लावला. त्यावर गराच्या मागणीची हिरवी रेघ. छोटी छोटी दुकानं थोडा थोडा गर मागवायची, तशी ती रेघ हळूहळू वर सरकायची. बायका हात चालवत चालवत तिच्याकडं बघायच्या. सीरियल बघणं बंद झालं होतं, इतकी ती रेघ रंगली होती.

खंडेनवमीला आम्ही शेडमधल्या सगळ्या अवजारांची पूजा करतो. यंदा वजनकाट्याला हार, टेम्पोला हार, माउसखाली झेंडूचं फूल. टीव्हीला कुंकू लावायला आक्का स्टुलावर चढल्या. मला वाटलं कोपऱ्यात लावतील. पण त्यांनी रेघेचं टोक कुठंय ते पाहिलं आणि त्याच्या बरंच वर, काचेच्या मधोमध, कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं.

"आक्का, तिथं कशाला?"

"हितवर यायला पायजे तिनं," आक्का म्हणाल्या.

मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. पाचच मिनिटांत सरांचा मेसेज आला, 'टार्गेट कोणी सेट केलं? बरोबर आहे.'

* * *

मोठ्या खरेदीदाराशी व्हिडिओ मीटिंग ठरली. सरांनी बजावलं होतं, एकेकानं बोलायचं, बाकीच्यांनी आवाज बंद ठेवायचा. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. खरेदीदार साहेब स्क्रीनवर दिसताच अण्णांनी हात जोडले, कैलासला चहा आणायला सांगितलं आणि एक कप स्क्रीनसमोर ठेवला. "घ्या, निवल."

साहेब हसले आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. साहेबांचा चेहरा हसऱ्या अवस्थेत तसाच थांबला. आम्ही बसून राहिलो. पत्र्यावर कबुतरं चालत होती, बाकी कसला आवाज नव्हता. चहावर साय धरली. बायका एकेक करून पुढं आल्या आणि त्या हसऱ्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या.

"हासतोय म्हंजी हो म्हनतोय," मंदा म्हणाली.

"तोंडावरून तर चांगला वाटतोय," आक्का म्हणाल्या.

नेटवर्क आलं तेव्हा साहेब निघून गेले होते. संध्याकाळी त्यांचा मेल आला. माल उत्तम आहे, पण तुमचं स्वतःचं कोल्ड स्टोरेज हवं, पुढच्या वर्षी नक्की बघू. तो मेल मी आक्कांना वाचून दाखवला. मला फार वाईट वाटलं. आक्कांनी सगळा ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मानूस वंगाळ न्हाई त्यो." आणि उरलेला क्रेट निवडायला बसल्या.

* * *

सीझन संपता संपता सरांनी हजेरीही सिस्टीमवर घेतली. प्रत्येकीच्या फोनमध्ये दोन बटणं. सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं की 'आले', संध्याकाळी निघताना 'जाते'.

आठवडाभरात सरांचा काळजीचा फोन. "मॅडम, तुमच्याकडच्या बायका घरी का जात नाहीयेत? सिस्टीम म्हणतेय सगळ्या अजून शेडमध्येच आहेत."

'आले' सगळ्या दाबत होत्या, 'जाते' एकीनंही दाबलं नव्हतं. मी आक्कांना विचारलं.

"जाते म्हनून कुनी निघतं का, म्याडम? आसं बोलू नी. येते म्हनावं."

मी ते सरांना सांगितलं. त्यांच्याही घरी हेच शिकवलं असणार, कारण एका शब्दानं वाद न घालता त्यांनी बटण बदलून दिलं. मग सकाळी 'आले', संध्याकाळी 'येते', आणि सिस्टीमची तक्रार मिटली.

दिवाळी झाली. फाट्यावर टोळीचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोयते. आक्कांची पोरगी मंदाचा हात धरून उभी होती, आता ती मंदाकडं राहणार होती. ट्रॅक्टर थांबवून आक्का शेडमध्ये आल्या. रिकाम्या क्रेटांवरून हात फिरवला, पाण्याकडं बघितलं, म्हणाल्या, "येते अण्णा."

"या," अण्णा म्हणाले.

थंडीच्या दिवसांत पुन्हा सरांचा फोन. "मॅडम, एक विचित्र एरर आहे. शकुंतला नावाची तुमची एक युजर सकाळी कधी येतच नाही. पण संध्याकाळी निघते मात्र रोज."

मी स्क्रीन उघडली. आक्कांच्या नावापुढं 'आले' सगळं कोरं होतं. 'येते' मात्र रोज होतं, दिवस मावळायच्या सुमाराला. ठिकाण कोल्हापूरकडचं कुठलं तरी, नकाशावर नुसतं हिरवं रान.

"नाव काढून टाकू का?" सरांनी विचारलं. "की ही नोंद तशीच धरायची? चेअरमनना ठरवावं लागेल."

मी स्क्रीन अण्णांकडं वळवली. खाली दोन चौकोन होते, 'रद्द' आणि 'मंजूर'. अण्णांनी सगळ्या तारखा वरपासून खालपर्यंत सावकाश वाचल्या आणि 'मंजूर'वर बोट ठेवलं.